कमी पैशात चांगलं पिचिंग कसं उभं राहतं?

पिट्सबर्गला राहणाऱ्या एका मराठी वाचकाने तिथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाबद्दल विचारलं आहे: "पायरेट्सकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर आहे, तरी संघ वर येत नाही. बजेट लहान आहे हे मान्य. पण मोठ्या रकमा न मोजता पिचिंग सुधारता येतं का? आणि आमचा शनिवार-रविवारचा हौशी क्लब आहे, त्याला यातलं काय लागू पडेल?"

सुधारता येतं. मी अठरा वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज, घडवतो आहे. त्याआधी साताऱ्याकडे जिल्हा पातळीवर मध्यमगती गोलंदाजी करायचो, म्हणून अधूनमधून क्रिकेटच्या भाषेत बोलेन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लहान खिशाच्या संघाने नाव झालेला पिचर विकत घ्यायला जाऊ नये. दुसऱ्या कुणी चुकीचा वापरलेला हात शोधावा, आणि त्या हातातून निघणारा चेंडू बदलावा. बाकी सगळं या एका कामाला हातभार लावण्यासाठी असतं.

आधी स्कीन्सचंच गणित मांडू. २०२५ मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका सोडून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १.९७ होता. तो जितका कमी तितका चांगला; आणि एक इनिंग म्हणजे समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंतचा खेळ. नॅशनल लीग म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; तिथला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. तरी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव लागले, आणि पायरेट्स ७१ सामने जिंकून ९१ हरले. संघाला हंगामात १६२ सामने खेळायचे असतात, म्हणजे साधारण १४५० इनिंग टाकायच्या असतात. स्कीन्सने त्यातल्या १८७ च्या आसपास टाकल्या. उरलेल्या साडेबाराशे इनिंग कोण टाकतो, हा खरा प्रश्न. बॅटिंग दुबळी होती हे तर आहेच, पण तुम्ही पिचिंगचं विचारलंत म्हणून त्या साडेबाराशेंवरच राहतो. एका हिऱ्याने अख्खा हार होत नाही, आणि उरलेले मणी बाजारभावाने घ्यायचे तर पैसे पुरणार नाहीत.

मग स्वस्तात काय मिळतं? ज्याचे आकडे वाईट दिसतात पण चेंडू चांगला आहे, असा माणूस. २००१ मध्ये व्होरोस मॅकक्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं, यावर पिचरचं नियंत्रण लोकांना वाटतं त्याहून फार कमी असतं. तेव्हा ते ऐकून जाणकार चिडले होते. क्रिकेटमध्ये स्लिपमध्ये तीन झेल सुटले तर गोलंदाजाचं पृथक्करण बिघडतं, पण गोलंदाजी वाईट होती असं आपण म्हणत नाही. तसंच हे. पिचरच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी: किती जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकवर बाद), किती जणांना वॉक दिला (चार चेंडू बाहेर टाकून फुकटचा बेस), किती होमरन खाल्ले (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके). त्यामुळे मी नवा मुलगा बघतो तेव्हा ईआरए सर्वांत शेवटी बघतो. स्ट्राइकआउट भरपूर आणि ईआरए पाचच्या वर, असं दिसलं की माझे कान टवकारतात. तिथे काहीतरी दुरुस्त होण्यासारखं असतं.

याचा सर्वांत सुंदर नमुना तुमच्याच गावातला आहे, २०१३ चे पायरेट्स. त्याआधी सलग वीस हंगाम हा संघ विजयांपेक्षा जास्त पराभव घेऊन संपला होता. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब रांग नव्हती. यँकीजचा पगारखर्च २० कोटी डॉलरच्या वर होता आणि पायरेट्सचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. जनरल मॅनेजर नील हंटिंग्टन, मॅनेजर क्लिंट हर्डल आणि पिचिंग कोच रे सिअरेज या तिघांनी तीन गोष्टी एकत्र बांधल्या.

पहिली म्हणजे सिंकर. हा चेंडू बॅटजवळ येता येता खाली बसतो, त्यामुळे बॅट चेंडूच्या वरच्या भागावर लागते आणि फटका जमिनीवरून जातो. जमिनीवरून गेलेल्या चेंडूचा होमरन होत नाही. दुसरी, तो चेंडू जिथे जाण्याची शक्यता जास्त तिथेच क्षेत्ररक्षक उभे करायचे. त्याला शिफ्ट म्हणतात. तिसरी गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर आलीच नाही. त्यांनी रसेल मार्टिन नावाचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरला घेतला. आदल्या वर्षी यँकीजकडून त्याची बॅटिंग सरासरी .२११ होती, त्यामुळे हे काय घेतलं असं अनेकांना वाटलं. पण मार्टिन स्ट्राइक झोनच्या, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तिच्या, कडेला आलेला चेंडू इतक्या शांत हाताने झेलायचा की पंचाला तो स्ट्राइक वाटायचा. पिचिंगवर खर्च केलेला तो पैसा होता, फक्त पिचरच्या नावाने नव्हे. एक कॅचर संघातल्या जवळजवळ प्रत्येक पिचरला थोडा थोडा सुधारतो, हे गणित तेव्हा फार थोड्या लोकांनी मांडलं होतं.

मग फ्रान्सिस्को लिरियानो आला. २०१२ मध्ये त्याचा ईआरए ५.३४. वॉक भरमसाट, पण स्ट्राइकआउट इनिंगमागे एकाहून जास्त. करार ठरला आणि नाताळात त्याचा उजवा हात मोडला. तो डावखुरा, म्हणजे फेकायचा हात शाबूत होता, पण करार नव्याने लिहिला गेला आणि हमीची रक्कम एकदम खाली आली. २०१३ मध्ये त्याने १६ सामने जिंकले, ईआरए ३.०२. पीएनसी पार्कचं मैदानही यात धरा. डाव्या-मध्य बाजूची भिंत ४१० फुटांवर आहे, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचा उंच फटका तिथे मरतो. डावखुऱ्या पिचरसमोर उजवे बॅटर जास्त उतरतात, म्हणून त्या मैदानात डावखुरा पिचर मुळातच थोडा जास्त किमतीचा ठरतो. आपल्या घरच्या मैदानाला कोण शोभेल, हे बघायला पैसे लागत नाहीत.

त्या वर्षी पायरेट्सने ९४ सामने जिंकले. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्धचा बाद सामना होता. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत. लिरियानोने सात इनिंग टाकल्या आणि मार्टिनने दोन होमरन मारले. पैकी एकाच्या आधी प्रेक्षक समोरच्या पिचरच्या, जॉनी क्वेटोच्या नावाचा गजर करत होते आणि त्याच्या हातून चेंडू माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पडला. पुढच्याच चेंडूवर मार्टिनने तो बाहेर भिरकावला. बेसबॉलशी माझं नातं कामाचं आहे, पण त्या रात्री माझ्या अंगावर काटा आला होता.

हीच युक्ती त्यांनी पुढे दोन वर्षं चालवली. एडिन्सन व्होल्केझचा ईआरए २०१३ मध्ये ५.७१ होता, पायरेट्सकडे २०१४ मध्ये ३.०४ झाला. जे. ए. हॅप २०१५ च्या मध्यावर सिअ‍ॅटलहून आला आणि उरलेल्या हंगामात त्याचा ईआरए १.८५ राहिला. दोघेही नंतर दुसरीकडे मोठ्या पैशावर गेले. हॅपला टोरांटोने तीन वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. यात हळहळण्यासारखं काही नाही. लहान संघाने दुरुस्त केलेला माणूस टिकवायचा नसतो, दुरुस्तीची कला टिकवायची असते. पुढचा माणूस मिळतोच.

आणि नेमकी तीच कला पुढे गोठली. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोलाचा धडा यात आहे. बॅटर शिकले. खाली येणाऱ्या सिंकरला ते बॅट खालून वर आणत मारू लागले आणि जमिनीवरचे फटके हवेत जाऊ लागले. पायरेट्स मात्र सिंकर आणि खालचा चेंडू यांनाच धरून बसले. गेरिट कोल हा त्यांचा २०११ चा ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला क्रमांक. २०१७ मध्ये त्याचा ईआरए ४.२६ होता. जानेवारी २०१८ मध्ये तो ह्यूस्टनला गेला. त्यांनी त्याचा सिंकर जवळजवळ काढून टाकला आणि उंच टाकलेला फोर-सीम फास्टबॉल (सरळ जाणारा वेगवान चेंडू) व वळणारे चेंडू वाढवले. पहिल्याच वर्षी ईआरए २.८८, आणि २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट. टायलर ग्लासनाऊचं तेच. पायरेट्सने २०१८ मध्ये त्याला टॅम्पाला दिलं, तिथे त्याला झोनच्या वरच्या भागात फेकायला मोकळीक मिळाली. २०१९ मध्ये दुखापतीमुळे त्याला बाराच सामन्यांत सुरुवात करता आली, पण त्यात ईआरए १.७८.

का झालं असं? उंचावरून, डोक्यापाशी हात आणून फेकणाऱ्या पिचरच्या चेंडूला मागची फिरकी मिळते. तो चेंडू बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो, म्हणून वर टाकला की बॅट खालून निघून जाते. हात बाजूने येणाऱ्या पिचरच्या चेंडूला आडवी फिरकी मिळते, त्याला सिंकर आणि आडवा वळणारा स्वीपर शोभतो. कोल आणि ग्लासनाऊ पहिल्या जातीचे. त्यांना दुसऱ्या जातीचं औषध दिलं जात होतं. एका रोग्याला लागू पडलेली मात्रा सगळ्या वॉर्डाला द्यायची नसते. माझ्या नवीन सहायकांना मी हे पहिल्या आठवड्यात सांगतो: आपल्याकडे 'पद्धत' नको, प्रत्येक मुलाचं वेगळं पान हवं.

एका चेंडूने माणूस किती बदलतो, याचं मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स हे मला सर्वांत आवडणारं उदाहरण. २०१९ मध्ये ४९ इनिंगमध्ये त्याने १७ होमरन खाल्ले, ईआरए ८.८२. चेंडूचा वेग उत्तम होता, पण फोर-सीम सरळ जायचा आणि बॅटर त्याला झोडपायचे. त्याने तो चेंडू जवळजवळ सोडला आणि शेवटच्या क्षणी किंचित कापणारा कटर हाच मुख्य चेंडू केला. २०२१ मध्ये ईआरए २.४३ आणि साय यंग. खांदा तोच, वेग तोच, पगारही तेव्हा कमीच.

कधी नवा चेंडू शिकवायचीही गरज नसते, असलेलाच जास्त टाकायचा असतो. रिच हिल २०१५ च्या उन्हाळ्यात पस्तिशीत होता आणि लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगमधल्या संघाकडून खेळत होता. तिथून बॉस्टनने त्याला उचललं. बॉस्टनच्या ब्रायन बॅनिस्टरने त्याला सांगितलं की तुझा कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली पडणारा चेंडू, असामान्य आहे, तो फास्टबॉलइतका वारंवार टाक. सप्टेंबरमधल्या चार सामन्यांत ईआरए १.५५. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने त्याला एका वर्षाचे ६० लाख डॉलर दिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात जॉश रेडिकबरोबर डॉजर्सना देऊन बदल्यात तीन तरुण पिचर घेतले. त्यातला फ्रँकी मोंटास पुढे ओकलंडचा आघाडीचा पिचर झाला. "आधी फास्टबॉलने जम बसव, मग बाकीचे चेंडू काढ" ही शिकवण कित्येक हातांना वर्षानुवर्षं अडवून बसली. चांगला चेंडू जपून ठेवायला तो काही दागिना नव्हे.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. शाळेत सगळ्यांनी त्याला वर फेक, जोरात फेक एवढंच सांगितलेलं. हात येत होता खांद्याच्याही खालून. मी फोनवर सावकाश चित्रण केलं, चेंडूवर काळ्या पेनाने एक पट्टा ओढला आणि फिरकी कशी आहे ते बघितलं. जवळजवळ आडवी. शिवणीवरची बोटं अर्ध्या इंचाने सरकवली, लक्ष्य गुडघ्याशी आणलं. वेग ताशी ८६ मैलच राहिला, पण चार आठवड्यांत त्याच्यासमोरचे बॅटर फटके जमिनीवरून मारू लागले. या सगळ्याला खर्च झाला तो एका पेनाचा.

इथे एक सावधगिरी. स्वीपर हा चेंडू अलीकडे सगळीकडे पसरला आहे, कारण तो लवकर शिकवता येतो. २०२३ पासून तर अधिकृत नोंदीत त्याला वेगळा प्रकार मिळाला. पण तो आपल्याच हाताच्या बॅटरविरुद्ध घातक असतो, उलट्या हाताच्या बॅटरला तितका त्रास देत नाही. उजव्या पिचरला नुसता स्वीपर देऊन डावखुऱ्यांसमोर उभं केलं तर मार बसतो. जोडीला चेंजअप (हळू येऊन फसवणारा चेंडू) किंवा कटर हवाच.

कॅचरच्या बाबतीत परिस्थिती बदलते आहे. २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये बॅटर, पिचर किंवा कॅचर पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देऊ शकतात. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. त्यामुळे मार्टिनच्या कलेची किंमत काही प्रमाणात उतरेल, पण कोणता चेंडू खरोखर स्ट्राइक होता हे ओळखून योग्य वेळी आव्हान देणारा कॅचर आता महाग होईल. लहान संघाने तो आजच शोधावा. शिफ्टचंही तसंच. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, ठेवावेच लागतात, त्यामुळे केवळ उभं राहण्याच्या जागेवर फायदा मिळत नाही. धावून चेंडू गाठणारा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) लागतो. सिंकर टाकणारे पाच पिचर ठेवायचे आणि शॉर्टस्टॉपला दगडासारखा उभा करायचा, हे चालणार नाही.

पिचर कसे वापरावे, हे टॅम्पा बे रेजकडून शिकावं. बॅटर एका पिचरला तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा तो जास्त मारतो. क्रिकेटमध्ये जम बसलेल्या फलंदाजासमोर तोच गोलंदाज तिसऱ्या स्पेलला आणण्यासारखं हे. १९ मे २०१८ रोजी टॅम्पाने एंजल्सविरुद्ध सर्जिओ रोमोला सुरुवातीला आणलं. आयुष्यभर शेवटच्या इनिंगा टाकलेला माणूस. त्याने पहिल्या इनिंगमध्ये तिघांना स्ट्राइकआउट केलं आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सुरुवातीला. समोरच्या संघाचे सर्वांत भारी बॅटर पहिल्या इनिंगमध्ये हमखास येतात, तिथे जोमाचा पिचर वापरायचा. मग रायन यारब्रोसारखा पिचर आणायचा. त्याला पाच-सहा इनिंग टाकता येतात आणि वरच्या फळीशी तिसरी भेट बहुतेक टळते. यारब्रोने त्या वर्षी १६ विजय घेतले, बहुतेक असेच मागाहून येऊन. संघ ९० सामने जिंकला. दोनशे इनिंग टाकणारा पिचर विकत घ्यायची ऐपत नसेल तर ते काम तिघांत वाटा.

टॅम्पाची आणखी एक सवय मला पटते. त्यांचे कॅचर बऱ्याचदा ग्लोव्ह कडेला न धरता प्लेटच्या मध्यावर धरतात. ज्याचा चेंडू शेवटी एक फूट वळतो त्याने कडेवर नेम धरला तर तो बाहेर जातो आणि वॉक होतो. मध्यावर धरला तर वळून आपोआप कडेला जातो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी झॅक एफ्लिनला तीन वर्षांचे ४ कोटी डॉलर दिले, त्यांच्या मानाने ही मोठीच रक्कम. २०२३ मध्ये त्याने १६ सामने जिंकले, आणि पावणेदोनशेहून जास्त इनिंगमध्ये फक्त २४ वॉक दिले. फुकटचा बेस न देणं हे पिचिंगमधलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे.

कागदोपत्री मार्गही आहेत, थोडक्यात सांगतो. दुसऱ्या संघाने सोडलेला पिचर वेव्हर्सवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, बऱ्याचदा जवळजवळ किमान पगारात मिळतो. रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये १ लाख डॉलर भरून दुसऱ्याच्या मायनर लीगमधला (मेजर लीगखालच्या संघांतला) मुलगा घेता येतो, अट एवढीच की त्याला हंगामभर मुख्य संघात ठेवावं लागतं. दोन वेळा साय यंग जिंकणारा योहान सांताना १९९९ मध्ये याच दाराने आला होता.

ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंडकडे बघा. २०१६ मध्ये त्यांनी चौथ्या फेरीत शेन बीबर घेतला. कॉलेजात तो शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, वेग साधारण, पण चेंडू हवा तिथे टाकणारा. त्याच ड्राफ्टमध्ये अ‍ॅरन सिव्हाली तिसऱ्या फेरीत आणि झॅक प्लीसॅक बाराव्या फेरीत. तिघेही मेजर लीगमध्ये पोचले, आणि बीबरने २०२० चा साय यंग जिंकला. क्लीव्हलंडचा हिशेब असा की अचूकता शिकवणं कठीण, वेग व्यायामाने आणि तंत्राने थोडा वाढवता येतो. म्हणून अचूकता असलेला घ्यावा.

उलटं करून बघण्याचा एक प्रयत्न आपल्या देशाशी जोडलेला आहे. २००८ मध्ये भारतात स्पर्धा घेऊन वेगाने फेकणारे हात शोधले गेले आणि रिंकू सिंह व दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी पायरेट्सनेच करार केला. रिंकू मायनर लीगच्या खालच्या पायरीपर्यंत, सिंगल-एपर्यंत पोचला, पुढे दुखापतींनी त्याला अडवलं. मला त्या दोघांबद्दल फार आदर आहे. विशीच्या उंबरठ्यावर नवा खेळ शिकून तिथवर जाणं सोपं नाही. पण इथे येणारे आपले लोक मला विचारतात की आपले वेगवान गोलंदाज का आणत नाही, तेव्हा मी हेच सांगतो: हात मिळतो, पण दहा वर्षांची चेंडू हातातून सोडण्याची सवय लगेच मिळत नाही.

आता दुखापत. बाकी काहीही विसरलात तरी हे विसरू नका. लहान संघाचा पिचर कोपर धरून बसला तर त्याची जागा घ्यायला पैसे नसतात. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा केली. परतायला वर्ष-दीड वर्ष जातं. आणि आजची घाई वेगाची आहे. मेजर लीगमध्ये फोर-सीमचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास, म्हणजे १५१ किलोमीटर झाला आहे. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने फेकायचा दबाव मुलांवर शाळेपासून असतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका मुलाला हिवाळ्यात जड चेंडूंचा सराव दिला. दर आठवड्याला वेग वाढत होता, तो खूश, मीही खूश. फेब्रुवारीत त्याची चेंडू सोडण्याची उंची दोन इंच खाली आली होती. चित्रणात स्पष्ट दिसत होतं, आणि मी ते तंत्राचा दोष समजून दुरुस्त करत बसलो. तो थकवा होता. मार्चमध्ये कोपर गेलं आणि त्याचं पिचिंग तिथेच संपलं. त्या दिवसापासून मी सामन्यातलेच नव्हे, तर सरावातले, वॉर्मअपचे, अगदी मित्राबरोबर झेलाझेलीत टाकलेले चेंडूही मोजतो. सोडण्याची उंची घसरली किंवा वेग दोन मैलांनी उतरला की त्या दिवशी थांबायचं, मग सामना कुठलाही असो. व्यावसायिक संघालाही हेच लागू आहे: पाच सुरुवातीच्या पिचरांवर हंगाम निघत नाही, नऊ-दहा तयार ठेवावे लागतात. सहावा ते दहावा कोण, हे ज्याला मार्चमध्ये ठाऊक आहे तो संघ ऑगस्टमध्ये तग धरतो.

हे सगळं एका हंगामात एकत्र बघायचं तर २०२५ चं मिलवॉकी बघा. क्विन प्रिस्टर हा पायरेट्सचा २०१९ चा पहिल्या फेरीतला पिचर. २०२४ मध्ये तो बॉस्टनला गेला, एप्रिल २०२५ मध्ये बॉस्टनने त्याला मिलवॉकीला दिलं. तिथे सिंकर आणि कटर यांच्या जोडीवर, मागे चपळ इनफिल्ड असताना, त्याने १३ सामने जिंकले आणि ३ हरले, ईआरए ३.३२. मिलवॉकीने त्या वर्षी ९७ विजय मिळवले, मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. पायरेट्सचा चाहता म्हणून तुम्हाला हे वाचून टोचेल. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. हात तुमच्याच घरात होता.

राहिला तुमचा क्लब. वेग मोजायची बंदूक आत्ता घेऊ नका, ती आणली की सगळे जोर लावायला लागतात आणि खांदे दुखतात. आधी एक कॅचर निवडा आणि त्याला कायम ठेवा. दर रविवारी नवा माणूस बसवू नका. प्रत्येक पिचरचं बाजूने आणि मागून फोनवर सावकाश चित्रण करा, चेंडूवर पट्टा ओढून फिरकी बघा, आणि हात वरून येतो की बाजूने, यावरून त्याला वर टाकायचं की खाली ते ठरवा. ज्याला दोनच चेंडू येतात त्याला तिसरा शिकवण्यात महिने घालवू नका. त्याला एकदाच बॅटिंग ऑर्डर फिरेपर्यंत ठेवा आणि दुसरा आणा. सरावाचा अर्धा तास इनफिल्डरना जमिनीवरचे चेंडू देण्यात घालवा, पिचर त्याबद्दल तुमचे आभार मानतील.

आणि एक वही ठेवा. पुढच्या दहा सामन्यांत प्रत्येक बॅटरला टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक होता की बॉल, आणि त्या बॅटरचं शेवटी काय झालं, एवढ्या दोनच रकाने भरा. भरून झाले की मला पाठवा. कुठल्या पिचरपासून सुरुवात करायची ते त्या दोन रकान्यांवरून मी सांगू शकेन.